सरकवलेले ठिपके

आमच्या ह्यांना धक्के द्यायची सवय आहे. स्वतःला मात्र ते अत्यंत सरळ माणूस समजतात. "माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही," असं त्यांनी लग्न ठरतानाच मला सांगून टाकलं होतं, आणि ते खरंही आहे. लपवत ते काहीच नाहीत, फक्त सांगतही नाहीत. नंतर जाब विचारला की चष्मा पुसत म्हणतात, "तू विचारलंस कधी?" आता नवऱ्याला उठता-बसता काय काय विचारायचं असतं हे बायकोला आधी कोण शिकवतं?

नोकरी त्यांची रंगाच्या कारखान्यातली. तिथल्या प्रयोगशाळेत बसून, डबा बंद असतानाही रंगावर साय का धरते, असल्या गोष्टींचा शोध लावायचा. मी दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते, वेळा देते, रडणाऱ्यांना धीर देते. ते संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन जे कंप्युटरपुढे बसायचे ते जेवायलाच उठायचे. मला वाटायचं, कारखान्याचंच काम असेल. कित्येक वर्षं मी तसंच समजत होते. माझी अक्कल तेव्हा गहाण पडली होती, दुसरं काय.

मग एका रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. दारात एक उंच, शिडशिडीत, परका माणूस. हातात बिस्किटांचा डबा. आमची भाषा त्याला जेमतेम येत होती. त्यानं ह्यांचं नाव घेतलं आणि ते इथेच राहतात का म्हणून विचारलं. मी विचारलं, "काय केलंय त्यांनी?" तेवढ्यात हे टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले, आणि त्या माणसानं ह्यांचा हात दोन्ही हातांत धरला तो सोडेचना. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. हे आपले उभे, ओल्या केसांनी, लाजलेल्या नवरदेवासारखे. त्या दिवशी मला कळलं की माझ्या नवऱ्यानं एक प्रोग्रॅम बनवलाय आणि तो जगभरातल्या प्रयोगशाळांत चालतो. हा पाहुणा कुठल्याशा परिषदेला शहरात आला होता आणि त्याचं सगळं खातं त्या प्रोग्रॅमवर काम करत होतं. मी खुर्चीत बसलेच. बिस्किटं मात्र छान होती.

प्रोग्रॅम काय करतो ते मला त्यांनी नंतर समजावून सांगितलं, विचारलं म्हणून. समजा एखाद्या प्रयोगशाळेत नवे नवे पदार्थ बनवले. प्रत्येक पदार्थ पेशींवर टाकून पाहिला, थोडा टाकला, जास्त टाकला, किती पेशी जगल्या, किती मेल्या हे यंत्रानं मोजलं. असे हजारो आकडे होतात. ते ह्यांच्या प्रोग्रॅममध्ये घातले की डावीकडे तक्ता येतो, त्यात प्रत्येक पदार्थाच्या रेणूचं चित्रसुद्धा असतं, आणि उजवीकडे ठिपके. एक ठिपका म्हणजे एक मोजमाप. ठिपक्यावर बोट ठेवलं की तक्त्यातली त्याची ओळ उजळते. शास्त्रज्ञ मंडळी ह्या ठिपक्यांकडे बघून औषधाचा माग काढतात. आणि हे सगळं फुकट. नुसतं फुकट नाही, उघडं. आतला प्रत्येक तुकडा कसा लिहिलाय ते कुणीही उघडून बघावं, बदलावं, चूक सापडली तर सांगावं. माझा भाऊ ह्याला लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतो, आणि ह्यांना 'ठिपकेवाले' म्हणतो. तोंडावर म्हणतो, ह्यांनाही चालतं.

मदतीला एक जोडीदार होता. तो पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला राहतो, आपण झोपलो की उठतो. आम्ही त्याला 'पलीकडचा' म्हणतो. दोघांनी एकमेकांना प्रत्यक्ष कधी पाहिलं नाही, पण भांडतात सख्ख्या भावांसारखे. शिवाय रोज कुठून कुठून लोक प्रश्न पाठवणार, आणि हे प्रत्येकाला उत्तर देणार. गोड बोलून नव्हे हं. "फाइल उघडत नाही म्हणजे काय? कुठली फाइल? तुम्ही नेमकं काय केलंत? नीट सांगा, मी ज्योतिषी नाही." असं खेकसून झालं की त्याच माणसासाठी सगळा रविवार घालवायचे. माझ्या माहेरची किती कार्यं त्या रविवारांनी खाल्ली ते विचारू नका. नावाला म्हणून अर्धा तास यायचे, घड्याळ बघायचे आणि सटकायचे.

एकदा त्यांना स्वतःचीच एक बारीकशी चूक सापडली. आकडा तोडताना दशांशाच्या शेवटच्या घरात गडबड व्हायची, तीही क्वचित. कुणाच्या लक्षात आली नव्हती. ह्यांनी प्रोग्रॅमच्या पानावर पहिल्याच ओळीत लिहून टाकलं की चूक माझी आहे, अमुक दिवसापासूनची आहे, तुमचे आकडे पुन्हा तपासा. लोकांनी शिव्या घातल्या. मी म्हटलं, "अहो, गुपचूप दुरुस्त करून मोकळं व्हायचं. कुणाला दिसली होती?" ते म्हणाले, "मला दिसली ना." पुढे काय बोलणार? मी कणीक मळायला घेतली.

आमच्या मुलीला आम्ही बारकी म्हणतो. आता ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. ती ह्यांच्या मांडीवर बसून ठिपके बघतच मोठी झाली. पुढे पेशींचाच अभ्यास घेतला. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक संशोधन संस्था आहे, तिथे तिनं प्रबंधाचं काम केलं. एका पदार्थानं रोगट पेशी मरतात आणि चांगल्या पेशी टिकतात का, हे बघायचं. प्रयोग एकदा केला, मग सगळा पहिल्यापासून पुन्हा केला, कारण दोनदा तसंच आल्याशिवाय कुणी विश्वास ठेवत नाही. प्रबंध दिला, आणि त्याच संस्थेत तिची नेमणूकही जवळजवळ ठरली. आम्ही दोघं हवेत होतो. हे तर पलीकडच्यालाही सांगून बसले होते.

आणि एका शनिवारी दुपारी ती न सांगता घरी आली. चप्पल न काढता सरळ आत. तोंड एवढंसं झालेलं. माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"आई, त्यांना वाटतंय मी आकडे बनवले."

बाहेरच्या एका परीक्षकानं तिचा प्रबंध वाचला होता. त्यानं कळवलं होतं की पहिल्या प्रयोगाचं चित्र आणि दुसऱ्या प्रयोगाचं चित्र एकसारखं दिसतंय. ठिपके जिथल्या तिथे आहेत. एकच चित्र दोनदा वापरून दुसरा प्रयोग केल्याचं भासवलं असावं. विभागप्रमुख बाईंनी तिला बोलावून घेतलं होतं. समितीपुढे लेखी खुलासा द्यायचा, पुरावा असेल तर जोडायचा. खुलासा पटला नाही तर नेमणूक गेलीच, पदवीही जाणार, आणि 'आकडे बनवणारी' हा शिक्का जन्मभर कपाळावर. आमच्या घरातली मुलगी? त्या परीक्षकाला समोर उभं करून दोन गोष्टी सुनवाव्यात असं मला झालं. मी त्याला घरातल्या घरात भरपूर सुनावलंही.

ह्यांनी हात पुढे केला. तिनं लॅपटॉप उघडून दोन्ही चित्रं दाखवली. हे वाकून बघत होते. आणि बघता बघता हसायला लागले. आधी गालात, मग मोठ्यानं. मला वाटलं, धक्क्यानं माणसाचं डोकं फिरलं.

"अगं, हा तर मी आहे!" ते म्हणाले. "हे ठिपके मी सरकवलेत!"

मग त्यांनी आम्हाला समजावलं. पेशींवर पदार्थाची एक मात्रा टाकली की त्या मात्रेची सगळी मोजमापं एकाच उभ्या रेषेवर येतात. ठिपक्यावर ठिपका चढतो, मागचे दिसतच नाहीत. म्हणून प्रोग्रॅम प्रत्येक ठिपक्याला किंचित डावीकडे किंवा उजवीकडे ढकलतो. आमच्या दवाखान्यात सगळ्यांचा एकत्र फोटो काढताना मागच्यांना नाही का सांगत, जरा बाजूला सरका, तोंड दिसू द्या, तसंच. कुणाला किती सरकवायचं ह्याला अर्थ काहीच नाही, ते कसंही चालतं. पण दर वेळी वेगळं सरकवलं तर तीच फाइल सकाळी एक दिसते, संध्याकाळी दुसरी. लोक बोंबलायचे. म्हणून ह्यांनी फार पूर्वी ठरवून टाकलं की पहिल्या ओळीचा ठिपका नेहमी इतकाच डावीकडे जाईल, दुसऱ्या ओळीचा नेहमी तितकाच उजवीकडे. फाइल कुठलीही असो. बारकीनं दोन्ही प्रयोग एकाच पद्धतीनं मांडले होते, ओळींचा क्रम एकच. मग डावं-उजवं सारखंच येणार. उंची तेवढी पेशींवर अवलंबून, आणि प्रयोग नीट झाला असेल तर तीही जवळपास सारखी येणार. दोन वेगळे प्रयोग, पण बघणाऱ्याला वाटावं की एकच चित्र.

"चूक माझी आहे," ते म्हणाले, आणि असे खूश दिसत होते, जणू बक्षीस मिळालंय. "मी हे कुठेतरी ठळकपणे लिहायला हवं होतं. मी समितीला पत्र देतो. सगळं समजावून सांगतो. पाच मिनिटांचं काम आहे."

माझ्या जिवात जीव आला. मी बारकीला जवळ घेतलं आणि ह्यांच्याकडे पाहिलं, आणि खरं सांगते, त्या क्षणी त्या प्रोग्रॅमनं खाल्लेले सगळे रविवार मी माफ करून टाकले. बारकी मात्र हसत नव्हती. मला वाटलं, घाबरलीय पोरगी. मी चहा ठेवायला आत गेले.

चहा घेऊन आले तर हे तिच्या फाइली आपल्या कंप्युटरवर उघडून बसले होते. "पत्राला जोडायला चित्र करतोय," म्हणाले. "सरकवणं बंद केलेलं. मग ठिपके सरळ रेषेत येतील, आणि दोन्ही प्रयोगांच्या उंचीत जरा जरा फरक आहे तो परीक्षकाला स्वच्छ दिसेल. पलीकडे एक रकाना टाकतो, पहिल्या प्रयोगातून दुसरा वजा."

"बाबा, त्याची काय गरज आहे?" बारकी म्हणाली. "नुसतं पत्र पुरेल."

"अगं, करायचं तर पुरतं करू."

हे रकाना भरत होते. आकडे उतरत गेले. कुठे थोडं जास्त, कुठे थोडं कमी, जसं असायला हवं तसं. मग पडद्यावर एक शून्य आलं. त्याच्याखाली शून्य. त्याखाली पुन्हा शून्य. मला त्यातलं काही कळत नाही, मला वाटलं कंप्युटर अडकला. पण ह्यांचा हात जागच्या जागी थांबला होता. शून्यांची ती रांग संपली आणि पुन्हा साधे वेडेवाकडे आकडे सुरू झाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. रांग तिथेच होती.

"मधली मात्रा," ते म्हणाले. "सगळीच्या सगळी. शेवटच्या घरापर्यंत सारखी." आवाज असा काही आला की मी कपबशा टेबलावर ठेवून दिल्या. "यंत्र पेशींच्या एकाच बशीचंसुद्धा मोजमाप दोनदा तेच देत नाही, बारके."

मी एकदा हिच्याकडे बघत होते, एकदा त्यांच्याकडे. काय झालंय ते मला कळलं होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं. माझी मुलगी. सुट्टे पैसे जास्त आले तर बसमधून उतरल्यावरही ते परत द्यायला पुन्हा चढणारी.

बारकीनं ओंजळीत तोंड लपवलं आणि सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या प्रयोगाच्या वेळी सुट्टीत पेशी जगवायच्या पेटीचा गॅस संपला. उबेच्या त्या पेटीत त्या दिवशी नेमक्या मधल्या मात्रेच्या बश्या होत्या. पदार्थ टाकायच्या आधीच पेशी मेल्या. बाकीच्या मात्रांचं मोजून झालं होतं. पुन्हा करायचं तर पेशी नव्यानं मागवा, वाढवा, महिनेच्या महिने. प्रबंधाची तारीख तोंडावर. म्हणून तिनं पहिल्या प्रयोगातले त्या मात्रेचे आकडे उचलले आणि दुसऱ्यात ठेवले.

"तसंच आलं असतं, बाबा. बाकी सगळ्या मात्रांना तसंच आलंय. तुम्हीच बघा ना."

"आणि नसतं आलं तर?"

चहावर साय धरली तरी कुणी हात लावला नाही. शेवटी हे उठले आणि मागच्या गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मी त्यांच्या मागोमाग गेले. मला माझ्या नवऱ्याची खोड माहीत होती. आता हा माणूस सगळं जसंच्या तसं लिहून देणार, पहिल्या ओळीत, आणि माझ्या पोरीचा निकाल लागणार. मी पदर खोचूनच गेले होते. म्हटलं, "अहो, ऐका. परीक्षकानं डावं-उजवं बघून तक्रार केलीय ना? ते तुमच्या प्रोग्रॅममुळे झालंय, हे खरं आहे ना?"

"खरं आहे."

"मग तेवढंच लिहा. त्यांनी उंचीचं विचारलेलंच नाही. विचारलं नाही ते सांगायचं नाही, ही तर तुमचीच रीत आहे. एक शब्द खोटा लिहू नका, मी कुठे म्हणतेय? पोरीचं आयुष्य आहे हे. ती पुन्हा असं कधी करणार नाही, मी जामीन राहते."

आणखीही पुष्कळ मुद्दे तयार होते माझ्याकडे. रडायचीही तयारी होती. गरज पडली तर माहेरी जाते म्हणायची सुद्धा. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू सांग. मी टाइप करतो."

मी चाट पडले. आयुष्यात त्यांनी मला इतका मोठा धक्का दिला नव्हता. ते खरंच आत आले, खुर्चीत बसले आणि बोटं ठेवून वाट बघत राहिले. मग मी, जिला ह्यातलं ओ का ठो कळत नाही, मी सांगत गेले. ते लिहीत गेले. ह्या दोन चित्रांत ठिपक्यांची आडवी जागा सारखी दिसते, त्याचं कारण माझा प्रोग्रॅम आहे. ही सोय मी अशा अशा कारणानं केली. कुणालाही आत उघडून खात्री करून घेता येईल. कळावे. मध्ये एकदा ते म्हणाले, "'म्हणून तक्रारीला आधार नाही' असं लिहू?" मी म्हटलं, "नको. ते त्यांचं ते ठरवतील." बघा, केवढी हुशारी आली होती मला. पत्र छापून निघालं, त्यांनी सही केली आणि कागद बारकीच्या हातात दिला. तिनं तो वाचला. "थँक यू, बाबा," म्हणाली. त्यांनी मान हलवली.

समितीला पत्र पटलं. प्रोग्रॅम ज्यानं लिहिला त्याचीच सही, तपासून बघावं तर सगळं उघडं, अजून काय हवं? परीक्षकानं माफी मागितली. विभागप्रमुख बाईंनी तर मला दवाखान्यात फोन केला, तुमच्या यजमानांनी वेळेवर सांगितलं म्हणून एका गुणी मुलीवरचा अन्याय टळला म्हणाल्या. मी 'हो, हो' करत होते आणि समोर एक बाई गाल धरून कण्हत बसली होती. बारकी नोकरीवर रुजू झाली. मला रात्री झोप लागायला लागली.

त्याच सुमारास माझ्या भावाच्या मुलाचं लग्न होतं. हे माझ्याबरोबर सकाळी निघाले, दिवसभर थांबले, पंगतीत बसले, म्हाताऱ्या आत्याशी तिच्या गुडघेदुखीवर बोलत राहिले. भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "ठिपकेवाले सुधारले गं!" मी हसले. किती वर्षं मी हेच मागत होते. पण घरी आल्यावर मला उमगलं की कितीतरी दिवसांत मी त्यांना कुणावर खेकसताना ऐकलंच नाहीये. कंप्युटरवर धूळ होती.

"अहो, प्रोग्रॅमचं काय?"

"दिला."

"दिला म्हणजे?"

"पलीकडच्याला. सगळं त्याच्या हवाली केलं. तो नीट सांभाळेल." वर्तमानपत्राची घडी घालत ते असं बोलले जसं काही जुनी सायकल देऊन टाकली.

मी म्हटलं, "एका पत्रासाठी? त्यात एक शब्द खोटा नव्हता."

"नव्हता ना," ते म्हणाले. "इतकं चांगलं मला जमेल असं वाटलं नव्हतं. आता कुणी विचारलं, हे बरोबर आहे का, ते बरोबर आहे का, तर मी कुठल्या तोंडानं सांगू? लोक माझ्या म्हणण्यावर भरवसा ठेवतात गं." ते रागावले नव्हते. रागावले असते तर मी भांडले असते. मी भाजी चिरायला घेतली आणि नुसतीच चिरत बसले. मला फार वाईट वाटत होतं, आणि त्यांच्याशी त्याबद्दल बोलायची चोरी झाली होती.

बारकीला आम्ही काही सांगितलं नाही. तीही फोन कमीच करायची, केला तर माझ्याच मोबाइलवर, आणि बाबांना दे म्हणायची नाही.

परवा दुपारी, मी दवाखान्यातून जेवायला घरी आले होते, तिचा फोन आला. आवाज घाईचा. तिच्या प्रयोगशाळेत सगळ्या कंप्युटरांवर प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घातली होती. सुरू करताना एक छोटी खिडकी उघडते म्हणे, तिच्यात बनवणाऱ्यांची नावं असतात.

"आई, बाबांचं नाव नाहीये! पहिलंच असायचं. कुणीतरी चुकून काढलंय. बाबांना सांग ना, पलीकडच्या काकांना कळवायला."

"चुकून नाही," मी म्हटलं. "त्यांनीच काढायला लावलं."

फोन कट झाला की काय म्हणून मी कानापासून दूर धरून बघितला.

"माझ्यामुळे?"

आईनं अशा वेळी 'नाही गं बाळा' म्हणायचं असतं. ते माझ्या जिभेवर होतंही. "हो," मी म्हणाले. "तुझ्यामुळे आणि माझ्यामुळे."

मग ती म्हणाली, "आई, बाई केबिनमध्ये आहेत. दार उघडं आहे. मी जाऊन सांगते त्यांना. मधल्या मात्रेचं. सगळं."

नोकरी जाईल. पदवी जाईल. ह्यांच्या पत्राचीही शोभा होईल, लोक म्हणतील बापानं लेकीला वाचवलं. सगळं मला एका क्षणात दिसलं. 'थांब, वेडेपणा करू नकोस, घरी ये, आपण बोलू,' एवढं सगळं म्हणायला मी तोंड उघडलं.

"जा," मी म्हणाले.

माझा माझ्यावरच विश्वास बसेना. फोन बंद झाला होता आणि मी तो हातात धरून स्वयंपाकघराच्या मध्यात उभी. कारखान्याला सुट्टी होती म्हणून हे घरीच, बाहेरच्या टेबलापाशी ताट घेऊन बसले होते. त्यांनी विचारलं, "कोण होतं?"

"बारकी. बाईंना सांगायला गेलीय. सगळं."

त्यांचा घास हातातच राहिला. "आणि तू काय म्हणालीस?"

"जा म्हणाले."

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्यांना पहिल्यांदाच दिसत होते. मग त्यांचे डोळे भरले, आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. मी त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसले. मला भयंकर भीती वाटत होती. ताटातलं गार होत होतं, दवाखान्यात परतायची वेळ टळून गेली होती, आणि आम्ही दोघं टेबलावरच्या त्या फोनकडे बघत बसलो.